साळिंदरांच्या बापाचा आवाज

मिहरान दरमांजियन वारल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण रविवारी आर्मेनियन चर्चच्या हॉलमध्ये ठरलं होतं, आणि बुधवारी त्याच्या बायकोने, सातेनिगने, मुलासमोर एक अट ठेवली. जेवणाआधी सगळ्यांना मिहरानचा आवाज ऐकवायचा. त्याचा स्वतःचा, साळिंदराचा नव्हे.

"घरात टेपांनी दोन खोल्या भरल्यात, नुबार. त्यातून बापाची दोन वाक्यं सापडत नसतील, तर तुझा तो स्टुडिओ काय चाटायचाय?"

नुबार हो म्हणाला आणि तिथेच फसला.

गाणारी साळिंदरं आमच्या फ्रेस्नोत कुणाला माहीत नाहीत? तीस वर्षांपूर्वी मिहरानने बेदाण्यांच्या शेडमध्ये एक टेपरेकॉर्डर मांडला, टेप निम्म्या वेगाने फिरवत शब्द ओढून ओढून एक गाणं म्हटलं आणि मग तीच टेप पूर्ण वेगाने वाजवली. गाणं नीट चालीत आलं, आवाज मात्र एवढासा, चिरका. त्याची तबकडी निघाली, मग टीव्हीवर कार्टून आलं, मग साळिंदरांची दप्तरं आणि डबे आले. नंतर दहा वर्षं कुणी त्यांना विचारलं नाही. शेवटी नुबारने चित्रं नव्याने काढली आणि मालिका पुन्हा उभी राहिली. एवढ्या काळात एक नियम कधी मोडला नाही, आवाज घरचेच. तीन साळिंदरांपैकी दोघे भाऊ मिहरान म्हणायचा आणि त्यांची धाकटी बहीण पुशिक म्हणजे सातेनिग. चर्चच्या गायकवृंदाने तिला दोनदा परत पाठवलं होतं. पुशिकची तबकडी निघाल्यापासून ती त्या बायकांशी फार गोड बोलायची.

नुबारने शोध सुरू केला आणि त्याच्या लक्षात आलं, की बापाचा आवाज जगात शिल्लकच नाही. घरच्या फिल्मा मुक्या होत्या. फोनवरचा निरोप बापाने साळिंदराच्या आवाजात भरून ठेवला होता, आणि माणूस पुरल्यानंतरही फोन करणाऱ्याला तेच साळिंदर आनंदाने सांगत होतं, की आम्ही सगळे बाहेर हुंदडायला गेलो आहोत. टीव्हीवरची मुलाखतसुद्धा त्याने साळिंदर होऊनच दिली होती. उरल्या मूळ टेपा. त्या निम्म्या वेगाने लावल्या की आवाज मिहरानचाच यायचा, पण एकेक शब्द ताणलेला.

सातेनिगने एक टेप ऐकली आणि बंद करायला लावली. मिहरानने जन्मात दारूला हात लावला नाही आणि चाळिसाव्याला तो झिंगलेला ऐकवायचा का, असं तिने विचारलं. नुबारने वेग थोडा वाढवला, तर बाप शाळकरी मुलीसारखा बोलू लागला. त्या दिवशी आई त्याच्याशी बोलली नाही.

शनिवारी त्याला सुचलं, की दोन गाण्यांच्या मध्ये बाप साधंच बोलत असणार. तिथे ओढून बोलायचं कारण नव्हतं. सहाव्या खोक्यात तशी एक टेप निघाली. "आज गुरुवार," मिहरान म्हणाला, स्पष्ट, जाडसर, अगदी जेवायला बसल्यासारखा. नुबारला हुंदका आला. तेवढ्यात दारात आई आली आणि पुढचं ऐकायचं नाही म्हणाली. सगळ्यांनी एकदमच ऐकायचं. नुबारने आईचं ऐकलं. आजवर ऐकलं नसतं तरी चाललं असतं, असे प्रसंग त्याच्या आयुष्यात पुष्कळ होते.

रविवारी हॉलमध्ये दीडशे माणसं काळ्या कपड्यांत बसली होती. पुलाव झाकून ठेवला होता. चर्चचे पाद्री देर होव्सेप यांनी प्रार्थना म्हटली, नुबारने कळ दाबली आणि दिवंगत मिहरान दरमांजियन चिरकला, "आज गुरुवार!" वेगाचा खटका पूर्णवरच राहिला होता. मुलं खिदळली. कुणाच्या तरी आजोबांनाही हसू आवरेना. नुबारने घाम पुसत खटका खाली केला आणि टेप पहिल्यापासून लावली.

"आज गुरुवार. लेस्टर, ऐकतोयस ना? चौथं गाणं परत घ्यायचंय."

सातेनिगने डोळे मिटले. लेस्टर हा मिहरानचा जुना ध्वनिमुद्रक, पहिल्या दिवसापासूनचा. तो तिसऱ्या टेबलाशी बसला होता. आपलं नाव ऐकताच त्याचा चेहरा उतरला आणि काठी चाचपडत तो उठला.

"नुबार, एवढं पुरे हं. फार छान झालं."

"खाली बस, लेस्टर," सातेनिग डोळे न उघडता म्हणाली.

टेप फिरत होती. "सातेनिगचं सगळं पुसून टाक. दुपारी ती बाजारात गेली की पुशिक मी म्हणतो, दर वेळेसारखी. आणि हे बघ, सातेनिगला हे कळता कामा नये. इथे माइकसमोर उभी असते तेव्हा फार खूश असते रे ती. आणि कळलं, तर मला जेवायला कोण घालणार?"

नुबारने टेप थांबवली. गायकवृंदाच्या बायका पुलावाच्या झाकणाकडे बघू लागल्या. वेग वाढवल्यावर कुठला आवाज कुणाचा हे ओळखू येत नाही, या एकाच आधारावर तीस वर्षं ही बाई पुशिक होती. नुबारला वाटलं, बाप गेला त्या दिवशीसुद्धा आपल्याला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"मायरिग," तो आईला म्हणाला, "मी पुढचं ऐकलं नव्हतं गं."

सातेनिगने डोळे उघडले आणि सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली.

"तो काय म्हणाला? मला कळता कामा नये. मग मला काही कळलेलं नाही. इथे कुणाला काही कळलंय का?"

दीडशे माणसांनी माना खाली घातल्या. देर होव्सेप यांनीही मोठ्या गंभीरपणे नाही म्हणून मान हलवली, आणि ते तर स्पीकरच्या शेजारीच उभे होते.

"मग परत लाव."

"मायरिग, राहू दे ना. पुलाव गार होतोय."

"होऊ दे. त्यात तो दोनदा माझं नाव घेतो," सातेनिग म्हणाली, आणि चाळीस दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं.

नुबारने टेप मागे घेतली.