अकराचा फोन

मल्लप्पा अण्णा रोज सकाळी अकराला जंतूंची खुशाली विचारत. सोलापुरातल्या आमच्या रुग्णालयात ते औषधभांडार सांभाळत. मी प्रयोगशाळेत. रुग्णाच्या रक्तात जंतू वाढतात का, हे पाहणं माझं काम. फोन उचलला की पलीकडून एकच प्रश्न यायचा : "काय म्हणतायत जंतू?"

कोरोनाच्या काळात साधा ताप दिसला तरी भीतीपोटी अँटिबायोटिक लिहिलं जाई. पहिला डोस अण्णांनी कधी अडवला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र ते वॉर्डातल्या शकीला सिस्टरना ताप विचारत, मला रिपोर्ट, आणि मग डॉक्टरांना कारण.

"ताप आहे म्हणून नको, डॉक्टर. जंतू आहे म्हणून द्या की."

"मुलगी बघायला आल्यासारख्या चौकशा करता, अण्णा," सिस्टर म्हणायच्या. पण पुढे त्या स्वतःच तापाची नोंद आधीच तयार ठेवू लागल्या. डॉक्टरही कुरकुरत का होईना, औषध थांबवू लागले.

कधी कधी एकही रिपोर्ट नसायचा. फोन यायचाच.

"आज काही नाही, अण्णा."

"असू दे. डब्यात काय आणलंय?"

"भाकरी, शेंगाचटणी," म्हणून मी घाईत फोन ठेवायचो.

मग अण्णांनाच कोरोना झाला. ऑक्सिजन लावावा लागला. सगळेच घाबरलो. अँटिबायोटिक सुरू झालं. तिसऱ्या दिवशीही ताप होता, आणि विचारणारा माणूसच खाटेवर होता. शेवटी शकीला सिस्टरनी मला फोन केला.

"रिपोर्ट सांगा."

"काहीच वाढलेलं नाही."

डॉक्टरांनी केसपेपर दोनदा उलटला. "आपल्या माणसाचं बंद करायला हात धजत नाही हो."

सिस्टर अण्णांच्या कानाशी वाकल्या. "अण्णा, थांबवू का?"

"शिकलात की," अण्णा मास्कमधून म्हणाले.

औषध थांबलं. ती रात्र मी फोनकडे बघत काढली.

सकाळी अकराला फोन वाजला. वॉर्डातून नातेवाइकांना खबर देण्याची ती वेळ होती. आवाज नव्या सिस्टरचा होता.

"मल्लप्पा नावाच्या पेशंटचे नातेवाईक का? केसपेपरवर त्यांनी हाच नंबर दिलाय. ताप उतरलाय त्यांचा."

नंबर प्रयोगशाळेचा होता. मी खुर्चीत बसलो.

"हो," मी म्हणालो. "बोलतोय. डब्यात काय आणू, विचारा त्यांना."