पटलेकाकांची झडती

पटलेकाकांच्या घरी वाटी पाठवायची तर आधी झडती द्यावी लागते. वाटीत वरण असो की खीर, काका दारातच आडवे. वास घेतात, चमच्यानं ढवळतात, मग डोळे बारीक करून विचारतात, "यात का टाकलं?"

"मीठ टाकलं, काका! अजून काय टाकणार?"

"मीठ त ठीक आहे. बाकीचं सांग."

कुडव्यातल्या आमच्या गल्लीत हे पोलीस ठाणं मागच्या वर्षी उघडलं. शांताकाकूंना कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली होती, आणि गोळीवर काय खाल्लं तर बाधतं, याचा काकांनी ध्यासच घेतला. माझे मेथीचे लाडू आल्या पावली परत आले. जवसाची चटणी चालते, असं डॉक्टर म्हणाले, तर हे दुसऱ्या डॉक्टरला विचारून आले! भाच्यानं लसणाच्या कॅप्सूल आणल्या. "एकदम नॅचरल है, मामाजी."

"धोतरा बी नॅचरलच है ना, बेटा?"

म्हातारा सटकला, असं सगळी गल्ली म्हणायची. मी तर जरा मोठ्यानंच म्हणायची.

परवा माझी आई कामठ्याहून आली. काकूंसाठी हौसेनं घरच्या झाडाचं पपनस आणलं होतं, चांगलं डोक्याएवढं. ओट्यावर बसून तिनं ते सोललं आणि गुलाबी फोड काकूंच्या हातावर ठेवली. काकांनी झडप घालून ती हिसकावली आणि थेट नालीत फेकली. आईचा चेहरा एवढासा झाला. काकू बिचाऱ्या तिला चहाला आत घेऊन गेल्या. माझं मात्र डोकंच फिरलं.

"काका, माझी आई काय विष चारून राहिली का?"

काका ओट्यावर टेकले.

"तसं नाही ना जी, पोरी. गोळी सुरू झाली अन् हिचे पाय असे दुखून राहिले, का बसली त उठता येत नव्हतं. डॉक्टरनं खोदून खोदून विचारलं, खाता काय? त पपनस निघालं. त्यानं म्हणे गोळी अंगात जास्तच चढते."

"मग त्यांना कोणी दिलं होतं?"

"मीच. हिले आवडते म्हणून रोज सकाळी सोलून देत होतो." काका आपल्या तळहातांकडे बघत राहिले. "तुमच्यावर शक नाही, बाई. मले माह्याच हाताचा भरवसा राहिला नाही. ही पाय दुखते म्हणे, त मी तेल चोळत होतो. अन् ताकद यावी म्हणून दोन फोडी जास्त चारत होतो."