उतारा: काकू कुठे चालल्या?

लिहिलेलं तर कुणीही वाचतं. न लिहिलेलं वाचायला शिकवावं ते मीच! आमच्या शाळेत याबद्दल दुमत नाही. म्हणजे मी कुणाला मत विचारलेलं नाही.

चौथीचा वर्ग, छत्तीस मुलं, विषय अनुमान. माझी पद्धत साधी आहे. गोष्टीतला माणूस ओली छत्री झटकत घरात आला, तर बाहेर पाऊस आहे हे लिहावं लागत नाही, ते आपण ओळखायचं. नियम दोनच. अनुमान केलंत की पुरावा दाखवायचा. आणि उताऱ्यात नाही ते पदरचं घालायचं नाही.

पोरं इतकी तयार झाली होती, की परवा मुख्याध्यापिकाबाई दारात येऊन नुसत्या "हं" म्हणाल्या, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई सरांवर चिडल्यात. पुरावा: चष्मा डोक्यावर गेलाय."

या कीर्तीपायी गुरुवारी माझा नमुना पाठ ठरला. शिक्षण खात्याच्या अधिकारीबाई येणार, आणि मागच्या भिंतीला टेकून दुसऱ्या शाळांचे बारा शिक्षक बसणार.

उतारा नवा हवा होता. रचत बसायला वेळ कुणाला आहे? त्याच सकाळी घरात जे चाललं होतं तेच उचललं. बायकोच्या जागी काकू घातल्या, माझ्या जागी काका, आणि बसमध्ये गुडघ्यावर वही ठेवून लिहून काढलं. घरचाच माल, एकदम ताजा!

फळ्यावर:

*काकू लवकर उठल्या. त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मीठ. साखर. चहा. काका पेपर वाचत होते. काकूंनी शिवणयंत्र खाली टेम्पोत चढवलं. काका पेपर वाचत होते. काकूंनी भिंतीवरचा आपल्या आईचा फोटो काढून पिशवीत ठेवला. काका पेपर वाचत होते. काकू म्हणाल्या, "ताईकडे चालले." काका म्हणाले, "हं."*

माझ्या वहीत:

*उत्तर: काकू आठ दिवस बहिणीकडे आरामाला चालल्या आहेत. काकू नीटनेटक्या आहेत. (पुरावा: चिठ्ठ्या.) काका शांत स्वभावाचे आहेत.*

पहिला हात पहिल्या बाकावरून वर आला. या मुलीला सगळे वकीलबाई म्हणतात.

"सर, काकू परत येणार नाहीत."

मागचे बारा शिक्षक हसले. मीही हसलो. "चूक! पुरावा?"

"चिठ्ठ्या. कुठल्या डब्यात काय आहे ते काकूंना माहीतच असणार. मग चिठ्ठ्या कोणासाठी?"

"काकांसाठी!" अख्खा वर्ग ओरडला.

"इतक्या मोठ्या माणसाला मीठ कुठलं नि साखर कुठली ते कळत नाही?" खिडकीजवळचा चष्मेवाला म्हणाला. "ढ आहेत काका."

"काका ढ नाहीत," मी म्हणालो. "काका कामात असतात."

"पुरावा, सर?"

माझ्या आत काहीतरी कट्‌ करून मोडलं. नाही, खडू मोडला होता.

"हे बघा, बाळांनो, काकू फक्त आठ दिवसांसाठी..."

"आठ दिवस कुठे लिहिलंय?"

मी फळ्याकडे वळलो. पहिल्या ओळीपासून वाचत आलो. आठ दिवस कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग सकाळ पहिल्यापासून आठवली. ती तसं म्हणालीही नव्हती! ते मी घातलं होतं. पदरचं.

इथे कथेला भगदाड आहे. साधारण अर्धा मिनिट मी वर्गाकडे पाठ करून उभा होतो. त्या अर्ध्या मिनिटात काय झालं ते लिहीत नाही. तुम्हीही वाचकच आहात, ओळखा.

मागून मुख्याध्यापिकाबाईंची कुजबुज ऐकू आली. "बघितलंत? मुद्दाम गप्प राहतात. मुलांना विचाराला वेळ देतात!" अधिकारीबाईंचं पेन कागदावर सरसर धावायला लागलं.

मी नवा खडू घेतला आणि उताऱ्याखाली एक ओळ वाढवली. *काका स्वभावाने फार चांगले होते.*

गदारोळ! "सर, चीटिंग!" "उतारा मध्येच वाढवायचा नसतो!" "आणि हे तर नुसतं सांगितलंय, दाखवलं कुठेय?"

"दाखवतो!" मी म्हणालो. "काकूंच्या वाढदिवसाला काकांनी नवाकोरा मिक्सर आणला होता."

वकीलबाई उभी राहिली. "मिक्सर चालवतं कोण?"

"...काकू."

"मग ती भेट काकांनाच झाली की!"

"बरं, ते सोडा. काकूंच्या शिवणयंत्रासाठी काकांनी..."

काय केलं होतं काकांनी? आवाज होतो म्हणून ते उचलून बाल्कनीत ठेवायला लावलं होतं. हे फळ्यावर लिहिलं नाही. *फोटो काढताना काकांनी विचारलं, मदत करू का?* असं लिहिलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच पुसून टाकलं.

तेव्हा मधल्या रांगेतला गोलू उठला. हा मुलगा मुंग्यांना वाट करून देत चालतो. मला वाटलं, आता कुणीतरी माझ्या बाजूचं निघालं!

"सर, काका काही वाईट नाहीत."

"शाब्बास! पुरावा?"

"त्यांना काकू दिसल्याच नाहीत. पेपर तोंडासमोर होता ना."

वर्गाला हे पटलं. मुलांनी ते वहीत उतरवूनही घेतलं. चौथीतल्या मुलांना दया आली की ती फार जोरात येते, डोक्यात बसलेल्या लाटण्यासारखी. माझ्या डोळ्यांत खडूची धूळ गेली. (या वाक्याला दहापैकी शून्य.)

"अभिनयसुद्धा!" अधिकारीबाई पुटपुटल्या. बारा शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. एकाने तर मोबाइल काढून माझ्या धुळीचा फोटो घेतला.

टाळ्या थांबल्यावर चष्मेवाल्याने हात वर केला. हळूच, जसा आजारी माणसाच्या खोलीत करावा तसा.

"सर, काका म्हणजे तुम्हीच ना?"

"पुरावा?" मी किंचाळलो.

"तुम्ही दर वेळी काका म्हणता, तेव्हा स्वतःच्या छातीवर हात ठेवता."

माझा हात तिथेच होता. मी तो खिशात घातला, फोन काढला आणि पळालो.

"सर कुठे चालले?" मागून मुख्याध्यापिकाबाई.

"काकूंना फोन करायला!" छत्तीसच्या छत्तीस बरोबर.

व्हरांड्यात मी नंबर लावला. सातव्या रिंगला तिने उचलला. मागे टेम्पोची घरघर होती.

"अगं, कुठे आहेस?"

"वाटेत. का हो? चहाचा डबा सापडला नाही?"

"शाळेत आहे मी. तू... तू परत येणार नाहीयेस. मला कळलं."

घरघर चालू राहिली. ती बोलली तेव्हा आवाज बदलला होता. अकरा वर्षांपूर्वी, नवं लग्न झालं तेव्हा, तो आवाज मी ऐकला असावा.

"तुम्हाला कळलं? तुमचं तुम्हाला?"

बस, इथे एक "हो" म्हणायचं होतं! एका अक्षराचं काम. टेम्पो कदाचित वळलाही असता. मी तोंड उघडलं, आणि माझ्या मागच्या खिडकीतून, गजांना नाकं लावून उभ्या राहिलेल्या वर्गातून वकीलबाई ओरडली, "सर, स्पीकरवर टाका ना!"

"कोण आहे तिथे?" बायकोने विचारलं.

"चौथीचा वर्ग."

"म्हणजे त्यांनी ओळखलं?"

"...हो."

"किती वेळ लागला त्यांना?"

खोटं बोलायची संधी गेली ती गेलीच. "चार मिनिटं," मी म्हणालो. "त्यातलं एक फळा वाचण्यात गेलं."

टेम्पोने कुठलासा चढ चढला, गिअर बदलला. मग ती म्हणाली, "छान शिकवलंय हो त्यांना तुम्ही." आणि फोन ठेवला.

आता हे ती कौतुकाने म्हणाली की टोमणा मारला, ते मला काही ओळखता आलेलं नाही. उद्या वर्गाला विचारतो.