सबनीसांनी सुधारलेलं चिनी गाव

पुरुषोत्तम सबनीसांनी आयुष्यात पॅक केलेली एकही वस्तू कधी फुटली नव्हती. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधल्या बहुतेक मराठी घरांना हे ठाऊक होतं, कारण त्यांनी स्वतःच ते प्रत्येक घरी जाऊन सांगितलं होतं. औषधांच्या एका कंपनीत त्यांनी उभी हयात खोकी डिझाइन करण्यात घालवली होती. माझ्या खोक्यात अंडं ठेवा आणि विमानातून खाली टाका, ते म्हणत, खाली आमलेट नाही, अंडंच मिळेल. रिटायर झाल्यावर खोकी सुटली, पण वस्तू जागच्या जागी असाव्यात ही ओढ काही सुटली नाही. मग ते एचओएच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या, कमिटीवर गेले. कुणाचा कचऱ्याचा डबा गॅरेजबाहेर दिसला, कुणाची मेलबॉक्स तिरकी झाली, की पुरुषोत्तमराव संध्याकाळच्या वॉकला निघाल्यासारखे त्या घरासमोरून हळूच जात आणि बेल वाजवत.

त्यामुळे गिरिजाने आपलं पुठ्ठ्याचं शहर प्रदर्शनाला कसं न्यायचं हा प्रश्न शनिवारच्या जेवणात काढला, तेव्हा त्यांनी वरणाची वाटी बाजूला सारली आणि म्हणाले, "ते माझ्यावर सोड."

गिरिजा ही त्यांच्या बायकोच्या, मालिनीच्या, नाशिकच्या मैत्रिणीची मुलगी. जवळच्याच युनिव्हर्सिटीत ती पीएचडी करत होती. विषय होता चीनमधली शहरं कशी वाढली. त्यातही तिचा जीव अडकला होता तो शहरांच्या पोटात राहून गेलेल्या गावांमध्ये. म्हणजे असं, की शहर वाढत वाढत शेतांवर आलं, शेतं गिळली, पण गावठाण तेवढं मध्येच राहिलं. मग गावकऱ्यांनी आपापल्या घरांवर मजल्यावर मजले चढवले आणि कामासाठी शहरात आलेल्यांना खोल्या भाड्याने दिल्या. इमारती इतक्या जवळ आल्या की या खिडकीतून त्या खिडकीतल्या माणसाशी हात मिळवता येई. तिथे त्यांना नावच मुळी हात मिळवणाऱ्या इमारती असं पडलं होतं. असंच एक गाव, लुंगवान, गिरिजाने पुठ्ठा, फोम आणि बाल्सा लाकडातून उभं केलं होतं. जेवणाच्या टेबलाएवढं. त्यात अंगठ्याच्या नखाएवढी रंगवलेली माणसंही होती. ती काजूकतलीच्या रिकाम्या डब्यात वेगळी ठेवली होती, कारण ती गिरिजा सगळ्यात शेवटी स्वतःच्या हाताने लावणार होती.

युनिव्हर्सिटीच्या गॅलरीत प्रदर्शनाचं उद्घाटन शुक्रवारी संध्याकाळी होतं. पाहुण्या होत्या प्राध्यापक लिन. कॅलिफोर्नियात आर्किटेक्चर शिकवणाऱ्या, वयाने साठीच्या पुढच्या. मोठी गोष्ट ही, की लिनबाईंचं बालपण त्याच लुंगवानमध्ये गेलं होतं, आणि ते गाव पाडून आता बरीच वर्षं झाली होती. गिरिजाने त्यांना विचारून विचारून त्यांचं घर केलं होतं, त्यातली स्वयंपाकघराची खिडकी आणि समोरच्या घराची खिडकी अगदी नाकाला नाक लावून. बाईंना ते दिसायला हवं, बाकी काही झालं नाही तरी चालेल, असं ती महिनाभर म्हणत होती. शुक्रवारी दुपारी ती त्यांना आणायला एअरपोर्टवर जाणार होती, आणि तेवढ्या वेळात काका आणि मालिनीमावशी शहर गॅलरीत पोचवणार, असं ठरलं.

पुरुषोत्तमरावांनी पॅकिंग केलं ते बघण्यासारखं होतं. फोमच्या पट्ट्या, चार बाजूंनी पट्टे, कोपऱ्यांना गाद्या. व्हॅनच्या मागच्या सीट्स काढून त्यांनी खोकं असं बसवलं, की व्हॅन उलटली असती तरी खोकं सरळ राहिलं असतं. निघताना मालिनी म्हणाली, हळू चालवा. त्यांना त्याचा जरा रागच आला.

वळणापाशी तळ्यातले हंस रस्ता ओलांडत होते. मॉरिसव्हिलचे हंस कुणाला घाबरत नाहीत. सगळी वरात रस्त्याच्या मधोमध आली आणि पुढारी हंस थांबून व्हॅनकडे बघू लागला. पुरुषोत्तमरावांनी करकचून ब्रेक मारला. मागे काही पडल्याचा, आदळल्याचा आवाज नाही. फक्त डब्यातले पोहे हलवल्यासारखी एक लांबलचक सळसळ झाली.

त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि झाकण उघडलं. खोकं जागचं तसूभरही हललं नव्हतं. शहर हललं होतं. इमारती नुसत्या खोचून बसवलेल्या आहेत, चिकटवलेल्या नाहीत, हे गिरिजाने सांगितलं होतं की नाही यावर नवराबायकोचं आजही एकमत नाही. सगळं लुंगवान पुढच्या भिंतीशी जाऊन ढिगाने पडलं होतं. मोडलं मात्र काहीच नव्हतं. पुरुषोत्तमरावांनी ही गोष्ट दोनदा निदर्शनास आणून दिली.

मालिनी म्हणाली, गिरिजाला फोन करा. ते म्हणाले, ती हायवेवर असेल, पोरीला घाबरवायचं कशाला. मग मालिनीने अ‍ॅशबर्नला राहणाऱ्या आपल्या मुलीला, इलाला, फोन लावला. इला अमेरिकेतच जन्मलेली, पेशाने वकील. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलली.

"बाबा, डोन्ट टच एनिथिंग."

यापुढे जे घडलं त्यात पुरुषोत्तमरावांचा हेतू वाईट होता असं कुणीही म्हणणार नाही. गॅलरीत त्या वेळी कुणी नव्हतं. त्यांनी खोकं टेबलावर उतरवलं, इमारती एकेक करून पुसल्या आणि मूळ गाव आठवायचा मनापासून प्रयत्न केला. पण त्यांना आठवेना. एवढंच आठवलं, की पहिल्यांदा बघितलं तेव्हाच तिथली दाटी बघून आपला जीव गुदमरला होता. मग त्यांनी मधून एक सरळ रस्ता टाकला. रस्ता टाकल्यावर दोन्ही बाजूंना इमारतींमध्ये हवा खेळायला जागा सोडणं ओघानेच आलं. जागा सुटल्यावर ती उघडी बरी दिसेना, म्हणून पॅकिंगच्या हिरव्या फोमची लॉन झाली. ज्या इमारती मावेनात त्या एकावर एक ठेवल्यावर देखणे टॉवर तयार झाले. पार्किंग झालं. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचं एक छोटं तळंही झालं, आणि तळ्याकाठी एकच सुबक घर उरलं होतं, ते त्यांनी क्लबहाऊस म्हणून ठेवलं. मालिनी सुरुवातीला नको नको म्हणत होती, पण तळ्याचा आकार शेवटी तिनेच ठरवला.

मग त्यांनी काजूकतलीचा डबा उघडून माणसं लावून बघितली. भजी तळावीत तशा कसल्याशा पुऱ्या तळणारी बाई, गोधडी वाळत घालणारा माणूस, पत्ते खेळणारे म्हातारे. पण त्या रुंद रस्त्यावर ती सगळी हरवल्यासारखी, बस चुकल्यासारखी दिसायला लागली. लॉनवर पत्ते खेळणारे म्हातारे तर एचओएच्या नियमातही बसत नव्हते. त्यांनी माणसं परत डब्यात भरली आणि डबा गाडीत नेऊन ठेवला.

संध्याकाळी गॅलरी भरली. प्राध्यापक आले, विद्यार्थी आले, चीज आणि द्राक्षं आली. पुरुषोत्तमराव टेबलापाशी नव्या सूनबाईंची ओळख करून द्यायला उभ्या असलेल्या सासऱ्यासारखे उभे होते. गिरिजा लिनबाईंना घेऊन आत आली. तिने टेबलाकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला, की पुरुषोत्तमरावांना पहिल्यांदाच कळलं की आपण काहीतरी भयंकर केलं आहे.

गिरिजा रडली नाही, ओरडली नाही. ती हळू आवाजात मराठीत एवढंच म्हणाली, "काका, गाव कुठे गेलं?"

 हंसांपासून सुरुवात करावी की ब्रेकपासून, हे त्यांना ठरवता येईना.

तोवर लिनबाई टेबलाभोवती फिरायला लागल्या होत्या. सावकाश, हात मागे बांधून. एक फेरी झाली, दुसरी झाली. मग तळ्याकाठच्या घरापाशी वाकून त्यांनी इंग्रजीत विचारलं, ही इमारत कशासाठी आहे? पुरुषोत्तमरावांनी घसा साफ करून खरं काय ते सांगितलं, की ते क्लबहाऊस आहे.

ते लिनबाईंचं घर होतं. गिरिजाने डोळे मिटून घेतले.

लिनबाईंच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मालिनी पुढे धावली, तिला वाटलं बाई रडतायत. पण बाई हसत होत्या. हसता हसता त्यांना बसायला खुर्ची द्यावी लागली. मग त्यांनी सांगितलं की त्यांचं घर पाडून तिथे खरोखरच तळं खोदलं, आणि तळ्याकाठी फ्लॅट विकणाऱ्या कंपनीचं ऑफिस बांधलं. असाच सरळ रस्ता टाकला, अशीच लॉन केली, तिच्यावर कुणी बसायचं नाही अशी पाटीसुद्धा लावली. तिथल्या लोकांना एवढं करायला कितीतरी वर्षं लागली, आणि या गृहस्थांनी ते एका दुपारी केलं. कोणत्या संस्थेचे आहेत हे?

"एचओए," पुरुषोत्तमराव म्हणाले.

लिनबाईंनी मान डोलावली. मग त्यांनी विचारलं, "आणि माणसं कुठे आहेत?"

"माणसं गाडीत आहेत," पुरुषोत्तमराव म्हणाले. "इथे त्यांना जागा नव्हती."

या वेळी बाई हसल्या नाहीत. क्षणभर त्या पुरुषोत्तमरावांकडे बघत राहिल्या, आणि त्यांनाही आपण काय बोललो ते आपल्याच कानांनी ऐकू आलं. मी आत्ता घेऊन येतो, असं पुटपुटत ते जवळजवळ पळतच बाहेर गेले.

बाहेर गाडी नव्हती. सामान उतरवायला म्हणून त्यांनी ती ज्या जागी लावली होती, तिथे परमिटशिवाय गाडी लावायची नाही असं स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि दुसऱ्यांचे नियम वाचायची त्यांना तितकीशी सवय नव्हती. टो करणारे गाडी शहराबाहेर, हायवेपलीकडच्या आवारात घेऊन गेले होते. आवार सकाळीच उघडणार होतं.

रिकाम्या हाताने ते परत आत आले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. माणसांना शहराबाहेर नेलं आहे, एवढं त्यांनी सांगितलं, आणि का, तेही सांगितलं. आधी गिरिजाच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज आला, आणि मग ती अशी हसत सुटली की तिला मालिनीमावशीचा खांदा धरावा लागला. हसता हसता ती थोडी रडलीही. काकांनी तिची माफी मागितली. ती म्हणाली, काका, मी अजून चिडलेली आहे, पण थोडा वेळ थांबा, आत्ता जमत नाहीये.

लिनबाई मात्र उठून टेबलापाशी गेल्या होत्या. त्यांनी क्लबहाऊस दोन बोटांनी उचललं. टॉवरच्या पायथ्याची एक इमारत ओढून काढली, तिच्यावरचे मजले शेजारी उतरवून ठेवले. मग ती दोन घरं त्यांनी पुरुषोत्तमरावांच्या रुंद रस्त्याच्या बरोबर मध्ये, खिडकीला खिडकी भिडवून ठेवली. या खिडकीतून त्या खिडकीत आजी सोया सॉसची बाटली द्यायची, त्या म्हणाल्या, आणि बाटली परत येताना तिच्याबरोबर काही ना काही यायचंच. एकदा मांजराचं पिल्लू आलं होतं. गिरिजा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

पुरुषोत्तमरावांच्या मनात आलं की याने रस्ता अडेल. पण ते काही बोलले नाहीत. तीस वर्षांच्या संसारात मालिनीने ही गोष्ट प्रथमच पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आवारात जाऊन गाडी सोडवून घेऊन आले. काजूकतलीचा डबा जसाच्या तसा होता. त्यांनी तो पट्ट्याने बांधला होता. तो छातीशी धरून ते गॅलरीत गेले. रस्त्यातली दोन घरं तशीच होती, भिंतीवर मूळ गावाचा मोठा फोटो लागला होता, आणि लिनबाईंच्या आग्रहावरून बाकी सगळं जसं होतं तसंच ठेवायचं ठरलं होतं. शेजारी नवी पाटी होती. नियोजन: पी. सबनीस. रहिवासी: स्थलांतरित.

त्यांनी डबा पुढे केला. गिरिजाने तो उघडून बघितला, पुऱ्या तळणाऱ्या बाईला बोटाने सरळ केलं आणि डबा परत त्यांच्या हातात दिला.

"आता माणसं नकोत, काका," ती म्हणाली. "पाटी छापून झालीये."

प्रदर्शन संपेपर्यंत लुंगवानचे रहिवासी सबनीसांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत राहायला आले. खिडकी अरुंद, त्यामुळे सगळे एकमेकांना खेटून. पहिल्याच दिवशी चहा पिताना पुरुषोत्तमरावांनी त्यांना जरा अंतरा-अंतरावर लावायला हात पुढे केला, तेव्हा मालिनीने पोळी लाटता लाटता, मागे वळूनही न बघता सांगितलं, "हात लावू नका."