ठमीच्या पोटाचं माप

ठमीने सकाळपासून दाण्याला चोच लावली नव्हती, आणि खरं सांगायचं तर टेलरमास्तरांना मनातून बरंच वाटलं होतं. चला, एक दिवस तरी दुकानात शांतता! एरवी ही बया परसातून स्वयंपाकघरात, तिथून पुढच्या दुकानात आणि दुकानातून थेट इस्त्रीच्या टेबलावर, अशी तपासणीला निघालेल्या साहेबासारखी फिरायची. मागच्याच आठवड्यात तिने एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र कोटावर घाण करून ठेवली होती. तेव्हा मास्तर कात्री उगारून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले होते, "एक दिवस हिला पातेल्यात घालतो की नाही बघा!"

कोंबडी बायकोची. बायको बहिणीकडे गेलेली, कारण बहीण पाय मोडून पडली होती. जाताना तिने गॅस, दूध, दाराची कडी यातलं काही म्हणजे काही सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "अहो, ठमीला जपा." आणि रिक्षात बसल्यावर पुन्हा एकदा मान बाहेर काढून म्हणाली, "ठमीला!"

दुपारी मास्तर परसात टॉवेल वाळत घालायला गेले, तर ठमी भिंतीला टेकून बसलेली. तुरा फिका पडलेला, डोळे अर्धे मिटलेले. त्यांनी पायाने हळूच डिवचलं तशी ती उठली, पाय फाकवून दोन पावलं टाकली आणि पुन्हा मटकन बसली. पोट फुगून जवळजवळ जमिनीला टेकलं होतं. हात लावून पाहिला तर टच्च.

"मेली की काय ही!" मास्तर म्हणाले, आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडताच त्यांनी दचकून चारी बाजूंना पाहिलं. ही मेली तर? ही आपोआप मेली, आजाराने मेली, हे कोण खरं मानणार? पातेल्याची धमकी गल्लीतल्या कुत्र्यांनीसुद्धा ऐकलेली. बायको काही बोलणार नाही, भांडणार नाही. नुसती एकदा बघेल आणि मग उरलेलं आयुष्य तशीच बघत राहील. त्या नजरेपुढे जेवायचं कसं?

तेवढ्यात भिंतीवरून शेजारच्या काकूंचं डोकं वर आलं. काकू म्हणजे बायकोच्या जिवाभावाच्या मैत्रीण.

"काय हो मास्तर, ठमी दिसत नाही ती?"

"आहे की! ही काय! आजारी आहे. बघून घ्या नीट. आपोआप आजारी पडलीय. मी हातसुद्धा लावला नाही."

"मी कुठे म्हटलं तुम्ही लावला?"

"नाही, पण साक्षीला असलेलं बरं."

काकूंनी डोळे बारीक केले. "चोराच्या मनात चांदणं," असं पुटपुटत त्या भिंतीआड गेल्या.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. बहिणीच्या पायाबद्दल मास्तरांनी विचारायच्या आतच तिने विचारलं, "ठमी कशी आहे?"

"मजेत!" मास्तर म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. आता ही मेली तर कोंबडी मारल्याचाच नव्हे, खोटं बोलल्याचाही ठपका. आगीतून फुफाट्यात!

मग त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडे गायी हंबरत होत्या.

"डॉक्टर, आमची कोंबडी फुगलीय हो."

"किती?"

"किती म्हणजे?"

"अहो, पोटाचा घेर किती? घरात टेप आहे का?"

मास्तरांना तो अपमान वाटला. "डॉक्टर, मी टेलर आहे." गळ्यातली टेप त्यांनी सफाईने ठमीच्या पोटाभोवती फिरवली, पिसं दाबून धरली, अंगठा टेकवला आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "चौदा!"

"मग घाबरू नका. अंडं अडकलं असेल. कोमट पाण्यात बसवा, पुसून कोरडी करा, अंधाऱ्या, उबेच्या जागी ठेवा. मी इथे दोन अडलेल्या गायींत अडकलोय. मात्र घेर सोळाच्या वर गेला तर लगेच कळवा. मग पोटात पाणी झालं समजायचं. हातातलं टाकून येईन."

अंधारी आणि उबेची जागा त्या घरात एकच होती, ती म्हणजे दुकानाच्या कोपऱ्यातली ट्रायल रूम. मास्तरांनी आतला आरसा झाकला, घमेल्यात कोमट पाणी ओतलं, ठमीला त्यात बसवलं आणि पडदा ओढला. काकू दारातून बघत होत्याच.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हो, मास्तर."

"औषधोपचार चाललाय!" मास्तर खेकसले.

दुसऱ्या दिवशी ठमीला मानही वर धरवेना. मास्तरांनी पुन्हा टेप लावली आणि डॉक्टरांना कळवलं, "पंधरा."

"एकच इंच ना? सोळाच्या आत आहे. शेक चालू ठेवा."

शेक चालू होता. मास्तर चमच्याने पाणी पाजत होते, पंखांवरून हात फिरवत होते. आकडा म्हणत होता, बरी आहे. ठमी म्हणत होती, मी चालले. "अगं, तुला कोण पातेल्यात घालतंय?" मास्तर तिच्या कानाशी लागून म्हणाले. "बोलायची पद्धत असते ती. माझ्या बापानेही मला विहिरीत ढकलायची भाषा किती वेळा केली, ढकललं का?" बायकोच्या नजरेची भीती होतीच, पण आता त्यांना नुसती ठमी हवी होती. ती टेबलावर चढली तरी चालेल, कोटावर बसली तरी चालेल.

नेमके त्याच वेळी बँकेचे मॅनेजरसाहेब आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा सत्कार होता आणि त्यासाठीच्या कोटाची ट्रायल राहिली होती. मास्तर टॉवेल गरम करायला आत गेलेले. साहेबांना सवयच, ते सरळ पडदा सारून ट्रायल रूममध्ये घुसले. आधी पाण्याचा आवाज झाला, मग साहेबांचा, मग ठमीचा. साहेब बाहेर आले ते एका पायाने पोटरीपर्यंत भिजलेले.

"मास्तर! आत कोण आहे?"

"पेशंट आहे, साहेब."

"ट्रायल रूममध्ये?"

"दवाखान्यात जागा नव्हती," मास्तर काहीतरी बोलून गेले, आणि साहेबांना शांत करायला त्यांनी कच्च्या टाक्यांचा कोट त्यांच्या अंगावर चढवला. कोटाच्या दोन्ही कडा पोटावर जेमतेम जुळल्या. "शिलाई थोडी सोडू. सहज उभे राहा, साहेब." साहेबांनी हात वर केले. मास्तरांनी पोटाभोवती टेप फिरवली, अंगठा टेकवला, आकडा वाचला. चव्वेचाळीस. आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "बेचाळीस!"

आपलाच आवाज कानावर पडला आणि मास्तरांचा हात टेपवरच थिजला.

आता इथे धंद्यातली गोष्ट सांगायला हवी. मास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या पोटाचं खरं माप तोंडाने उच्चारलं नव्हतं. डोळा चव्वेचाळीस वाचायचा, तोंड बेचाळीस म्हणायचं आणि खडू कापडावर गुपचूप चव्वेचाळीसचीच रेघ ओढायचा. गिऱ्हाईक आकडा ऐकून खूश, कपडा अंगात बसला म्हणून दुप्पट खूश. तोच आकडा सांगून कुणी दुसरीकडे शिवायला टाकलं, की कपडा हटकून घट्ट व्हायचा आणि मंडळी म्हणायची, मास्तरांच्या हाताची सर कुणाला नाही. वर्षानुवर्षांची ही सवय जिभेत इतकी मुरली होती, की पोट दिसलं की दोन इंच आपोआप कमी व्हायचे. मग ते पोट माणसाचं असो नाहीतर कोंबडीचं.

"अरे देवा!" मास्तर ओरडले. साहेबांच्या कमरेची टेप तशीच लोंबकळत ठेवून ते फोनकडे धावले. "डॉक्टर! चौदा नव्हतं हो, सोळा होतं! आणि पंधरा नव्हे, सतरा आहे, सतरा!"

"मग आधी खोटं का सांगितलंत?"

"सवय आहे हो! सगळ्यांनाच दोन इंच कमी सांगतो मी! गिऱ्हाइकांना बरं वाटतं!"

"कोंबडी काय गिऱ्हाईक आहे?"

"नाही हो, पण पोट दिसलं की तोंडातून कमीच निघतं! तुम्ही या लवकर, पाया पडतो तुमच्या!"

फोन ठेवून मागे वळले, तर साहेब अजून हात वर करून उभे. "सगळ्यांनाच?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मास्तर टेबलावरचा खडू शोधू लागले.

"अहो, तुमच्या आकड्याच्या भरवशावर मी सकाळचं फिरणं सोडलं! आमचे डॉक्टर म्हणाले पोट चाळीसवर आणा, मी म्हटलं दोनच इंच राहिलेत, होईल सावकाश!"

दारात काकू उभ्या होत्याच. "आणि माझं?" त्या म्हणाल्या. "माझंही दोन कमी?"

"नाही हो काकू. तुमचं तसं नाही."

"मग?"

"तीन," मास्तर म्हणाले.

यापुढे काय झालं असतं ते सांगवत नाही, पण तेवढ्यात डॉक्टर आले. ठमीला इस्त्रीच्या टेबलावर घेतलं. डॉक्टरांनी सुई काढली, आणि आयुष्य सुयांत घालवलेल्या मास्तरांना ती सुई काही बघवेना. शेवटी कच्च्या टाक्यांचा कोट घातलेल्या साहेबांनीच ठमीचे पंख धरले आणि चिडलेल्या काकूंनी खाली वाडगा. पाणी निघतच राहिलं. ठमीने डोळे उघडले, साहेबांकडे पाहिलं आणि त्यांच्या बाहीवर एक चोच मारली.

"आणखी थोडा उशीर झाला असता तर गेली असती," डॉक्टर म्हणाले. "पाणी पुन्हा साठू शकतं. रोज माप घ्या." मग दाराशी थांबून म्हणाले, "आणि मला फोन दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा."

संध्याकाळी ठमीने चार दाणे टिपले आणि मास्तर मशीनवर डोकं टेकून चक्क रडले.

सकाळपर्यंत बातमी गल्लीभर. ज्याने त्याने येऊन खरं माप मागितलं, आणि ज्याने त्याने ते ऐकून तोंड वाकडं केलं. सत्काराला निघालेले साहेब मात्र पुन्हा दुकानात शिरले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "मास्तर, काल तुम्ही गडबडीत होतात. एकदा नीट मोजा बरं. पहिल्यासारखं." मास्तरांनी मोजलं, बेचाळीस सांगितलं, आणि साहेब छाती पुढे काढून सत्काराला गेले.

दुपारी बायको आली. काकूंनी फोनवर काय काय सांगितलं होतं कोण जाणे. बॅग दारातच टाकून तिने ठमीला उचलून पोटाशी धरलं. मास्तर घाईघाईने पुढे झाले.

"हे बघ, पातेल्याचं मी आपलं रागाने बोललो होतो. आणि फोनवर मजेत म्हटलं ते तुझ्या जिवाला घोर नको म्हणून. डॉक्टर साक्षीला आहेत, साहेब आहेत. मी हिला काहीही..."

"काय हो हे?" बायको म्हणाली. "झुरळ दिसलं तर तुम्ही स्टुलावर चढून मला हाका मारता, आणि म्हणे कोंबडी कापणार! मला कधी स्वप्नातसुद्धा आलं नसतं तसलं. ठमीला तुमच्यावर टाकून गेले ते काय उगाच?"

मास्तरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळे पुन्हा भरून आले. इतका विश्वास! आणि आपण मात्र गल्लीभर साक्षीदार गोळा करत बसलो.

"बसा जरा," बायको मायेने म्हणाली. ठमीला तिने खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि हात बाजूला घेऊन सरळ उभी राहिली. "बरं, आता टेप आणा."

"कशाला?"

"आणा म्हणते ना. लग्नापासून माझे कपडे तुम्हीच शिवता. आज खरं सांगायचं. माझी शपथ आहे."

मास्तरांनी टेप लावली. अंगठा टेकवला. डोळ्यांनी वाचलं, जीभ दाताखाली धरली आणि घाम फुटेपर्यंत जोर लावून खरा आकडा सांगितला.

बायकोने एकदा टेपकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे.

"छे!" ती ठामपणे म्हणाली. "हे पाणी असणार. डॉक्टरांना फोन लावा."