मास्तरांचं सोवळ्यातलं कणीस

आमच्या शेजारच्या शिवलिंगप्पा मास्तरांच्या परसात ज्वारीचं एक उभं ताट सोवळ्यात असे. त्याला शिवायचं नाही, त्याच्याजवळ शिंकायचं नाही. कणीस धरल्यावर तर चिमण्यांच्या भीतीनं मास्तरांनी त्याला स्वतःची टोपी घातली आणि आपण बोडक्यानं शाळेत जाऊ लागले. हेडमास्तरांनी हटकलं तेव्हा म्हणाले, टोपी कामावर आहे.

मास्तर मूळचे मैंदर्गीचे. सोलापुरात हायस्कुलात शास्त्र शिकवत, घरी एकटे राहत. कुठल्याशा विलायती मासिकात त्यांनी वाचलं होतं, की सुरंजानच्या कंदाच्या अर्कात बी भिजवलं तर त्यातल्या पेशी दुभंगायच्या थांबतात. आतले गुणसूत्रांचे धागे मात्र दुप्पट होऊन बसतात आणि झाड दांडगं होतं. आता सुरंजान म्हणजे हकिमांचं सांधेदुखीचं औषध. मास्तर गेले जडीबुटीवाल्या अत्ताराकडे. त्यानं विचारलं, "जोडां किसके दुखते, मास्तर?" मास्तर म्हणाले, "ज्वारीचे." तेव्हापासून अत्तार पुडी जरा लांबूनच देई.

निम्मं बी कुजलं. उरलेल्याचे कोंब सुजले आणि मेले. वाचलं ते एकच ताट. पानं जाड, काळपट हिरवी, आणि वाढ अशी की बघणाऱ्याला जांभई यावी. "आत दुप्पट कारभार हाय की, येळ लागणारच," मास्तर म्हणत. गल्लीत कुणी उशिरा आलं की आम्ही तेच ऐकवायचो.

हे कणीस वाळून त्याचं बी पुन्हा उगवलं, तरच ते दुप्पटपण खरं की नुसती औषधाची सूज, हे कळणार होतं. अत्ताराकडचं सुरंजानही संपलं होतं. मास्तरांचा सगळा जीव त्या टोपीखाली होता.

त्याच वर्षी माझ्या बायकोला सातवा लागला आणि डोहाळे लागले ते हुरड्याचे. हंगाम तर उलटून गेलेला. मी मोहोळपर्यंत जाऊन आलो. कणसं कडक झालेली, नाहीतर खळ्यात पडलेली. अख्ख्या पंचक्रोशीत दुधावरचं कणीस एकच, आणि त्याच्या डोक्यावर टोपी. ते मागायची माझी छाती झाली नाही. बायकोनंही मागितलं नाही. परसात कुंपणापाशी शेजारणीला एवढंच म्हणाली, की हुरडा आता पुढच्या साली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दारात. हातात ताटली, तीत भाजून चोळलेला हुरडा, बाजूला शेंगांची चटणी. दाणे विरळच भरले होते, जेमतेम मूठभर. माझी शंका तोंडावर दिसली असावी. औषध बियाला लावलेलं, ते केव्हाच धुऊन गेलं, असं त्यांनी मला समजावलं. तरी आदल्या दिवशी स्वतः थोडे दाणे खाऊन बघितले होते म्हणे.

"अहो मास्तर, तुमचं सगळं वर्ष गेलं," मी म्हणालो.

त्यांनी ताटली माझ्या बायकोच्या हातात दिली. ती आत गेल्यावर हळूच म्हणाले, "आमच्या हिलाबी असल्याच दिवसांत हुरडाच खावासा वाटला हुता. मी म्हनलो, बियान्याचं हाय, थांब की जरा. ती थांबली. कणीस वाळलं तवा घरात कुनी न्हवतं."

मला त्यांच्याकडे बघवेना. मास्तर मात्र आतल्या दाराकडे कान देऊन उभेच होते.

"मीठ कमी न्हाय ना झालं, पोरी?" त्यांनी विचारलं.