गजभिये सर आणि परक्यांची बंडं

सिंगापुरात, आमच्या बिशानच्या ब्लॉकमध्ये सकाळी लिफ्टचं दार उघडलं की लोक 'मॉर्निंग' म्हणतात आणि फोनमध्ये डोकं घालतात. गजभिये सर दार उघडताच बातमी द्यायचे.

"सरकार पडलं नाही, वंदनाताई. पण वाकलं. नोंद घ्या."

सरकार इथलं नव्हे, दिल्लीचं नव्हे, मुंबईचंही नव्हे. ब्रिटनचं. युरोपातून बाहेर पडायचं असं त्या देशाने ठरवलं होतं, पण कसं पडायचं यावरून सत्ताधारी पक्षातच हाणामारी चालली होती, ती ही वर्षं. पंतप्रधानांनी युरोपशी करार करून आणायचा आणि त्यांच्याच खासदारांनी तो पाडायचा. काहींना तो फार मिळमिळीत वाटे, तर काहींना भीती वाटे की हे लोक शेवटी करार न करताच उडी मारतील. कोण बरोबर याच्याशी सरांना फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना आवडायचे ते बंडखोर. स्वतःचा पक्ष, स्वतःचं सरकार, आणि तरीही 'मी नाही' म्हणणारा माणूस दिसला की सरांचा चेहरा उजळायचा.

गजभिये सर मूळचे नागपूरचे. धातूंवर संशोधन करायला सिंगापूरला आले, इथेच पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेतला, इथेच निवृत्त झाले. मजल्यावर त्यांचा फ्लॅट आमच्या समोर. दारात चपला एका रेषेत, दाराशेजारी कढीपत्त्याची कुंडी, आत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. मूर्तीशेजारी टीव्ही. लंडनला जे रात्री घडायचं ते सर पहाटे उठून बघायचे आणि मी ऑफिसला निघायच्या वेळेपर्यंत तयार होऊन लिफ्टपाशी उभे राहायचे. तांजोंग पगारला जाणारी माझी गाडी ठरलेली, त्यामुळे मी लिफ्टमध्ये त्यांना सात मजले द्यायची. खाली आल्यावर ते बोलत माझ्याबरोबर एमआरटीच्या स्टेशनपर्यंत यायचे आणि गेटपाशी वाक्य अर्धवट सोडून परत फिरायचे. राहिलेलं वाक्य संध्याकाळी मिळायचं.

घरातली भाषाही त्यांनी संसदेची केली होती. कुकरची शिट्टी झाली की "सभागृह अशांत आहे." जेवायला उशीर झाला की "कामकाज तहकूब." माझी मुलगी एकदा घरी येऊन म्हणाली, "मम्मा, गजभिये अंकल इज शाउटिंग ऑर्डर-ऑर्डर ॲट द कॅट, ला." खरं होतं. व्हॉइड डेकमधली, म्हणजे ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेतली, दोन मांजरं भांडत होती आणि सर अध्यक्षस्थानी होते.

खालच्या कॉफीवाल्या काकांनाही त्यांचं वेड माहीत झालं होतं. सर दिसले की साखर न घातलेली कोपी, म्हणजे इथली कॉफी, पुढे ठेवत ते विचारायचे, "अंकल, युअर पीपल फाइटिंग अगेन आ?"

"एव्हरी डे!" सर अभिमानाने सांगायचे. जणू घरचीच पोरं.

मला ते नेहमी आपल्याकडची तुलना करून दाखवायचे. "आपल्याकडे बंड झालं की आमदारांना बसमध्ये घालून हॉटेलात नेतात. पहारा ठेवतात. तिकडे बंडखोर स्वतःच्या पायाने चालत जातो. मत द्यायचं म्हणजे 'हो'वाल्यांनी एका दाराने जायचं, 'नाही'वाल्यांनी दुसऱ्या. पक्षाचा प्रतोद तिथे उभा असतो, डोळे वटारून. त्याच्या समोरून दुसऱ्या दाराने जायचं! छाती लागते, वंदनाताई."

ही दारांची पद्धत त्यांनी आमच्या जयंती समितीतही आणली. बैठक माझ्या घरी होती. भीमजयंतीच्या कार्यक्रमात भाषणं जास्त ठेवावीत असा ठराव सरांनीच मांडला होता. तरुण मंडळींना गाणी हवी होती. हात वर करून दोन मिनिटांत काम झालं असतं, पण सर म्हणाले, "हात सगळेच वर करतात. चालून दाखवा." मग 'हो'वाल्यांनी स्वयंपाकघरात जायचं आणि 'नाही'वाल्यांनी आमच्या बेडरूममध्ये, असं ठरलं. सगळे उठले. आणि सर, ठराव मांडणारे सर, शांतपणे बेडरूमकडे चालू लागले.

"अहो सर, ठराव तुमचा आहे!" मी ओरडले.

"होता. चर्चेत माझं मत बदललं."

स्वयंपाकघरात त्यांचे दोनच पाठीराखे उरले. ठराव पडला. त्या दोघांना ओट्यावर गुलाबजामचं पातेलं सापडलं, त्यामुळे त्यांनी पराभव मनाला लावून घेतला नाही. सर मात्र महिनाभर खूश होते. स्वतःच्या विरुद्ध बंड करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

या सगळ्या गमतीच्या मागे सुजात होता, आणि हे मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं.

सुजात हा त्यांचा एकुलता मुलगा. इथे पीआर घरातल्या मुलांना अठराव्या वर्षाच्या सुमारास नॅशनल सर्व्हिस करावी लागते. दोन वर्षं गणवेश. बारावीची परीक्षा झाल्यावर सुजात इंग्लंडला मामाकडे सुट्टीला म्हणून गेला आणि तिथून फोन करून म्हणाला, "बाबा, मी परत येत नाही. मला बंदूक धरायची नाही." सरांनी एवढंच म्हटलं की या देशाने आपल्याला घर दिलं, नियम सगळ्यांना सारखा आहे, आणि तो मोडायचा असेल तर फोन करू नकोस. सुजातने खरंच केला नाही. निदान वडिलांना नाही. इथे यायचं तर आता आधी कोर्टाला तोंड द्यावं लागलं असतं, म्हणून यायचाही प्रश्न उरला नाही. उषाताई, म्हणजे सरांच्या पत्नी, दर रविवारी त्याच्याशी बोलायच्या. त्या वेळी सर त्याच खोलीत पेपर उघडून बसायचे. पान मात्र उलटायचं नाही.

सुजात तिकडे मामाच्या आधाराने शिकला आणि एका खासदारबाईंच्या कार्यालयात नोकरीला लागला. बाई सत्ताधारी पक्षाच्या. उषाताई त्यांना 'आमच्या सुजातची बाई' म्हणायच्या. त्यांची पत्रं, त्यांची टिपणं, त्यांची भाषणं हे सुजातचं काम. सरांना बंडखोरांचं वेड लागलं ते त्यानंतर, हे मला उषाताईंनीच भाजी निवडताना सांगितलं. मी सरांना तसं कधी विचारलं नाही. पण करार न करता बाहेर पडणं कसं घातक आहे यावर बाईंनी एकदा भाषण केलं, तेव्हा सर दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ते जवळजवळ पाठ म्हणत होते. मी म्हटलं, "छान आहे."

"तिसरं वाक्य लांबलंय," सर म्हणाले. "लहानपणापासून त्याला सवय आहे. पूर्णविराम देत नाही." एवढं बोलून ते मजल्यांचे आकडे बघत राहिले.

मग ती सकाळ आली. बाईंनी पक्षाचा आदेश झुगारून सरकारविरुद्ध मत दिलं. त्यांच्यासारख्या आणखीही काहींनी दिलं. सरकारने त्या सगळ्यांना पक्षातून काढून टाकलं. शनिवार नव्हता, पण मला रजा होती, म्हणून मी आणि उषाताई खाली कोपी घेत बसलो होतो. सर जवळजवळ धावतच आले.

"काढलं! बाईंना पक्षाने काढलं! पण बाई दुसऱ्या दाराने गेल्या. नोंद घ्या!" आणि त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. कॉफीवाल्या काकांनीही काही न कळता दोन वाजवल्या.

उषाताईंनी कप खाली ठेवला. "टाळ्या वाजवा. बाई आता पुन्हा निवडणुकीला उभ्या राहणार नाहीत म्हणतात. आपल्या पोराची नोकरी गेली, कळतंय का?"

सरांचे हात तसेच राहिले.

"आणि परक्यांच्या पोरांनी 'नाही' म्हटलं की तुम्हाला छाती दिसते. घरातल्या पोराने म्हटलं तेव्हा काय दिसलं होतं? जीवहिंसा करणार नाही, हे पंचशील त्याच्याकडून पाठ कोणी करून घेतलं? मी? रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन तुम्हीच ना? मग त्याने ते खरं धरलं, तर त्याचं चुकलं?"

आजूबाजूच्या टेबलांवर मराठी कोणालाच येत नव्हतं, पण सगळे बघत होते. सर हळूच म्हणाले, "नियम सगळ्यांना..."

"नियम असू द्या. त्याला एकदा एवढंच म्हणा, तुझं चुकलं नव्हतं. माझं दुसरं काही मागणं नाही."

"म्हणेन."

"कधी?"

"सभागृहात बोलायला वेळ मागावा लागतो, उषा."

उषाताई उठून गेल्या. मी बसून राहिले, कारण माझी कोपी संपायची होती आणि सरांना तसं एकटं सोडणं बरं दिसलं नसतं.

त्या रविवारी मात्र एक गोष्ट घडली. उषाताईंचा फोन चालू असताना सर पेपरच्या मागून म्हणाले, "त्याला विचार, बाई आता कुठल्या बाकावर बसतात?" उषाताईंनी फोन त्यांच्या हातात दिला आणि मुद्दाम स्वयंपाकघरात गेल्या. बापलेक दहा वर्षांहून जास्त काळाने बोलले ते बाकांच्या जागेबद्दल. पुढच्या रविवारी दुरुस्त्या मांडायच्या पद्धतीबद्दल. त्यापुढच्या रविवारी अध्यक्षांच्या अधिकारांबद्दल. उषाताई मला सांगायच्या, "तब्येतीचं नाही, जेवणाचं नाही, लग्नाचं नाही. नुसती संसद! पण बोलतात गं." मग निवडणूक झाली, बाई घरी बसल्या, सुजातला दुसऱ्या कुठल्याशा संस्थेत काम मिळालं आणि ब्रिटन एकदाचं युरोपातून बाहेर पडलं.

सगळ्या जगाने सुस्कारा सोडला. सर हवालदिल झाले. रविवारी बोलायला विषयच उरेना. फोन आला की ते कुठल्या तरी जुन्या मतदानाचा संदर्भ काढायचे, सुजात दोन वाक्यं बोलायचा, मग शांतता. साथीची वर्षं तशीच गेली. त्यानंतर तिकडचे पंतप्रधान बदलले, पक्षात पुन्हा कुरबुरी झाल्या, तेव्हा सरांना थोडी तरतरी आली. पण ती चवच नाही म्हणायचे.

एक दिवस ते माझ्या दारात उभे राहिले. "वंदनाताई, लंडनची दोन तिकिटं काढून द्या. व्हिसा, विमा, जे काय लागतं ते सगळं तुम्ही बघा. तुम्हाला व्यवस्थित जमतं."

मला आनंदच झाला. "कधीची?"

"ऑगस्टची."

इतकी वर्षं सरांबरोबर लिफ्टमधून उतरल्यावर मलासुद्धा माहीत होतं. "सर, ऑगस्टमध्ये संसदेला सुट्टी असते. एवढ्या लांब जाऊन बंद इमारत बघणार? सप्टेंबरच्या सुरुवातीला अधिवेशन असतं, तेव्हाची काढते."

"ऑगस्टचीच काढा. स्वस्त असतात."

"ऑगस्टची सगळ्यांत महाग असतात."

"मग महाग काढा," असं म्हणून ते घरात गेले. मी कारण विचारायला तोंड उघडलं, तोवर दार लागलं होतं. मी महाग तिकिटं काढली. उषाताईंना लोकरीचं काय न्यायचं, काय नाही ते सांगितलं, सरांच्या गोळ्यांच्या पट्ट्या दोन पिशव्यांत विभागून दिल्या आणि त्यांना टॅक्सीत बसवलं. टॅक्सी सुटताना उषाताई सरांना म्हणाल्या, "आता तरी म्हणाल ना?" सरांनी काच वर केली.

तीन आठवड्यांनी ते परत आले. दुसऱ्या दिवशी सर खाली बाकावर एकटेच बसलेले दिसले. उन्हाने चेहरा रापला होता. मी शेजारी बसले. लिफ्ट नव्हती, घाई नव्हती, तरी त्यांनी बातमी दिली नाही. शेवटी मीच विचारलं, "संसद पाहिलीत?"

"बाहेरून. नदीच्या पलीकडे बाक आहेत, तिथून छान दिसते. उषा त्या दिवशी खरेदीला गेली होती, मुद्दामच गेली असणार. सुजातने रजा काढली होती. अधिवेशन चालू असतं तर मी आत जाऊन बसलो असतो, वंदनाताई. मला माझं ठाऊक आहे. म्हणून ऑगस्ट."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"आम्ही दोघंच बसलो होतो. तो म्हणाला, 'बाबा, सांगा ना, कुठे काय असतं.' मग मी सांगत सुटलो. ही बाजू लोकांच्या सभागृहाची, ती लॉर्डांची. प्रतोद कुठे उभा राहतो, दारं कशी असतात, घंटा वाजली की किती धावपळ होते. तो लहानपणी ऐकायचा तसा ऐकत होता. हनुवटी हातावर ठेवून." सर थांबले. "त्याने त्या इमारतीत वर्षानुवर्षं नोकरी केलीय. ती घंटा वाजल्यावर तो स्वतः धावलेला आहे. पण 'मला माहीत आहे' असं एकदाही म्हणाला नाही."

व्हॉइड डेकमध्ये कोणीतरी सायकल टेकवून गेलं.

"आणि ते?" मी विचारलं. "जे म्हणायला गेला होतात?"

"राहिलं." सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "मी बोलतच राहिलो ना. मधेमधे तो माझ्याकडे असा बघायचा, की मी थांबलो तर तोच काहीतरी म्हणेल. मी थांबलोच नाही. अंधार पडायला लागला, मग तो म्हणाला, 'चला बाबा, आई वाट बघत असेल.' उठताना त्याने माझा हात धरला. हे सगळं मला नीट समजलं ते परतीच्या विमानात. कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. पण उषा झोपली होती."